टॅकेटचा पांढरा

लॉवेल टॅकेटबद्दल कुणी चांगलं बोललेलं आमच्या भागात कुणाच्या ऐकिवात नाही. पण त्याचा निवाडा चुकला असंही कुणी कधी म्हटलं नाही. माणूस कडू असतो आणि वर खराही असतो, तेव्हा त्याच्याइतका छळवादी दुसरा कुणी नसतो. खोटारड्याला शिव्या देऊन मोकळं होता येतं. लॉवेलच्या बाबतीत तेवढीही सोय नव्हती.

तीस वर्षं त्यानं नदीकाठच्या चिनीमातीच्या कारखान्यात बशा निवडल्या. पट्ट्यावरून बशी यायची, लॉवेल ती उचलून टिचकी मारायचा, आवाज ऐकायचा, आणि तडा असला की बशी मागच्या खड्ड्यात. एवढी घडवलेली वस्तू फुटली की कुणीही जरा चुकचुकतं. लॉवेलला मात्र तो फुटण्याचा आवाज आवडायचा. त्याची बायको ग्लेनाच हे सांगायची, आणि तिनं त्याच्याबरोबर उभा जन्म काढला होता, तेव्हा तिला माहीत असणार. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीचे लोक कोलंबस शहराकडे कामं शोधत गेले. लॉवेल तळघरात गेला. तिथं त्याचे पाइन साप होते.

ज्यांनी पाइन साप पाळला नाही त्यांना त्यातलं वेड कळायचं नाही. पुरुषभर लांबीचं, खडूसारखं पांढरं जनावर, पाठीवर काळी-तपकिरी ठिगळं, आणि फुत्कार असा की ट्रकचं चाक पंक्चर झाल्यासारखं वाटावं. विष नाही, नुसता आव. पण पाळणाऱ्यांचा जीव सापात नसतो, रंगात असतो. कुणाचा ठिगळांविना निपजतो, कुणाचा लाल डोळ्यांचा, कुणाचा राखाडी. असा नवा वाण ज्याच्या घरी निघाला त्यानं तो वाढवून बाजारात आणायचा, जाणत्या डोळ्यांनी तो तपासायचा, आणि मग त्या वाणाला त्या माणसाचं आडनाव लागायचं. माणूस मरून जातो, मुलंबाळं आडनाव धुळीला मिळवतात, पण सापांच्या बाजारात ते नाव चालत राहतं. लॉवेलला मूलबाळ नव्हतं. त्याला टॅकेट हे नाव एका सापावर हवं होतं. जन्मात दुसरं काही हवं असल्याचं त्यानं कधी कबूल केलं नाही.

आमच्या जिल्ह्याच्या जत्रेच्या मैदानावर एक लांबलचक हॉल आहे. उन्हाळ्यात तिथं बक्षिसाची डुकरं उभी करतात आणि एरवी अधूनमधून रविवारी सापांचा बाजार भरतो. कॉफीच्या मोठ्या भांड्याशेजारी लॉवेलची घडीची खुर्ची असायची. लोक भोकं पाडलेल्या झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांतून पिल्लं घेऊन त्याच्यासमोर रांग लावायचे. तो कुणाकडून काही घेत नसे. घेतलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

"साधा," लॉवेल म्हणायचा.

"मिस्टर टॅकेट, नीट बघा ना. पाठीवर लालसर झाक आहे, उन्हात धरलं की—"

"ऊन लाल असेल. साप साधा आहे. पुढचा."

पुढचा डबा उघडून तो म्हणायचा, "बाई, तुम्हाला कुणी सांगितलं हा वेगळा आहे म्हणून?"

"विकणाऱ्यानं."

"त्याला म्हणावं, गाढवं वीक. त्यात निदान गिऱ्हाईक आणि माल सारखे असतील."

रांग हसायची. जिची पाळी होती ती हसायची नाही. पण 'साधा' हा शब्द तरी परवडला. लॉवेलच्या तोंडचा खरा मार होता 'दोगला'. पश्चिमेच्या गवताळ मुलखात पाइन सापाचा एक पिवळट भाऊबंद असतो, बुल साप. दोघांची जोडी सहज जमते आणि निघतात ती धड ना इकडची ना तिकडची पिल्लं. असं रक्त एकदा वाणात शिरलं की कुणाच्याच पांढऱ्यावर भरवसा उरत नाही. म्हणून बाजारात दोगला मांडायचा नाही असा नियम होता, आणि दोगला निघाला तर पुढं काय करायचं ते लॉवेल सांगायचा. "फ्रीझर," तो म्हणायचा, म्हणजे गोठवून मारायचा, आणि पुढच्या डब्याकडं हात करायचा.

वेंडल रूश त्याच्याच रस्त्यावर राहायचा, दोन शेतं टाकून. दोघं कारखान्यात एका पाळीला होते, हरणांच्या शिकारीला एकत्र जायचे. वेंडलला सापांचा नाद लावला तोही लॉवेलनंच. वेंडलनं कुठून तरी दूरवरून एक जोडी आणली, ती मोठी होईपर्यंत वर्षानुवर्षं कळ काढली, आणि एका सप्टेंबरात पहिल्या वेताची नऊ पिल्लं टेबलावर मांडली. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. लॉवेल उठून त्याच्या टेबलापाशी गेला. तो कधी उठत नसे, म्हणून लोकही मागोमाग गेले.

त्यानं एक पिल्लू उचललं, हनुवटीखाली बघितलं, परत ठेवलं.

"कुणाकडून घेतलीस ही जोडी?"

"का रे? कशी आहेत?"

"हनुवटीखाली पिवळं दिसतंय. आजी नाहीतर आजोबा बुल होता. दोगले आहेत, वेंडल. नऊच्या नऊ."

"लॉवेल," वेंडल हळूच म्हणाला, "घरी सांगितलं असतंस तरी चाललं असतं रे."

"घरी कशाला? मांडलेत इथं, सांगतोही इथंच. हॉलच्या स्वयंपाकघरात फ्रीझर आहे."

बाजार चालवणारी बर्निस म्हणून एक बाई होती. ती चांगली बाई, पण नियम तिनंच केलेला. तिनं खाली मान घालून वेंडलला टेबल आवरायला सांगितलं. वेंडलनं नऊ डबे एकावर एक रचले आणि सगळ्या हॉलमधून चालत स्वयंपाकघरात नेले. वाटेत दोन डबे घसरले. कुणीतरी उचलून दिले. लॉवेलचं चुकलं नव्हतं, हीच त्यातली क्रूर गोष्ट. पिल्लं दोगलीच होती.

आता लॉवेलच्या स्वतःच्या तळघरात काय चाललं होतं ते सांगायला हवं. त्याच्याकडे डीकन नावाचा म्हातारा नर होता. तो त्यानं कॅरोलायनातल्या एका लाकूडतोड्याकडून घेतला होता. देताना लाकूडतोड्या म्हणाला होता, ह्याच्या वेतातलं एक पिल्लू वाढता वाढता ठिगळं टाकून पांढरंशुभ्र झालं, डोळे मात्र काळेच राहिले. पण कुणी बघायच्या आतच मांजरानं मारलं. विकणाऱ्याच्या गोष्टीवर भरवसा ठेवणाऱ्यांची लॉवेलनं भर बाजारात सालटी काढली होती. ही एक गोष्ट मात्र तो स्वतः गिळून बसला, आणि गिळली ती कायमची. असा लपलेला रंग उजेडात येतो तो आई आणि बाप दोघांच्या रक्तात असला तरच. म्हणून डीकनची जोडी त्याच्याच लेकीशी लावायची. लेक वाढायला काही वर्षं गेली. पहिल्या वेताची अंडी सडली, दुसऱ्या वेळी ती व्यालीच नाही. डीकन थकला. वेंडलची पिल्लं गेली त्यानंतरच्या वसंतात जोडी लागली, आणि जूनमध्ये डीकन पाण्याच्या भांड्याला वेटोळं घालून मेला. लॉवेलनं त्याला परसात पुरलं आणि त्या दिवशी जेवला नाही. ग्लेना म्हणाली, "माझी आई गेली तेव्हा दोनदा वाढून घेतलं होतंस." ओलसर वाळूत नऊ-दहा अंडी होती. आता जे काही होतं ते त्यातच.

मधे एक भानगड झाली. मे महिन्यात, जोडी लागल्या लागल्या, लॉवेलच्या पित्ताशयात खडे निघाले आणि आठवडाभर त्याला इस्पितळात राहावं लागलं. ग्लेना तळघराच्या तिसऱ्या पायरीखाली कधी उतरली नव्हती आणि उतरणारही नव्हती. सापांना पाणी कोण देणार? लॉवेलनं वेंडलला फोन केला. आपण ह्या माणसाला सगळ्या हॉलदेखत कापून काढलं आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. खरं सांगितलं त्यात रागवायचं काय, असा त्याचा हिशेब. वेंडल रोज येऊन पाणी देऊन गेला. काम चोख केलं.

ऑगस्टच्या शेवटी, अंडी फुटायच्या बेतात असताना, वेंडल पुढच्या ओसरीवर येऊन बसला. ग्लेनानं गार चहा दिला. वेंडल ग्लास हातात फिरवत राहिला.

"लॉवेल, एक सांगायचं राहून गेलंय. मनाला खातंय रे."

"मग सांग. खाण्यासारखं आत काही असेल तर."

"तू इस्पितळात होतास ना, तेव्हा माझ्याकडची वीज गेली होती. माझ्याकडं तो एक बुल आहे ना, तो गारठला असता म्हणून पिशवीत घालून इथं आणला, तुझ्या तळघरात ऊब असते म्हणून. पिशवीची गाठ सुटली. सकाळी बघतो तर साहेब तुझ्या मादीच्या टबात. झाकण नीट लागलं नसणार."

लॉवेलनं ग्लास खाली ठेवला. "रात्रभर?"

"रात्रभरच. तेवढ्यात काय होतंय? मी म्हटलं उगाच कशाला तुला त्रास."

सगळं धादांत खोटं होतं. वेंडलचा बुल त्याच्या घराबाहेर कधी पडलाच नव्हता. दोन आठवडे म्हाताऱ्याची झोप उडवायची, एवढीच वेंडलची मसलत. दोनच आठवडे, कारण पाइन सापवाल्यांचा एक नियम आहे आणि तो लॉवेलनंच सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवला होता: पहिली कात पडेपर्यंत पिल्लाचा निवाडा करायचा नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू मळकट असतं, पिवळट, गढूळ. त्यावेळी शुद्ध काय आणि दोगलं काय, देवालाही कळणार नाही. कात टाकली की अंगावर खरा रंग येतो. तेव्हा वेंडलनं धरलं होतं की लॉवेल कात पडेपर्यंत तळमळेल, मग पिल्लं शुद्ध निघतील आणि आपण पोट धरून हसू. थट्टा अंगाशी येऊ नये म्हणून त्यानं तिचा शेवटही ठरवून ठेवला होता. पण थट्टा एकट्यानं हसण्यात काय मजा? ती त्यानं बाजारातल्या चौघांच्या कानात घातली, आणि चौघांनी चाळीस जणांच्या. खोटं आहे हे मात्र त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

बाजाराच्या आदल्या शुक्रवारी अंडी फुटली. लॉवेल वाळूच्या पेटीसमोर गुडघे टेकून बसला होता. पिल्लं निघाली तशी त्यातली काही इतरांसारखी नव्हती. ठिगळं विरलेली, अंगावर पिवळसर साय धरल्यासारखी. त्याच्या जागी दुसरा कुणी असता, आणि त्यानं तीच पिल्लं लॉवेलसमोर आणली असती, तर लॉवेल म्हणाला असता, "कात पडू दे, मग ये." पण लॉवेलसमोर पिल्लं नव्हतीच. त्याला टबात शिरलेला तो बुल दिसत होता.

वरती फोन वाजला. बर्निस होती. ग्लेनानं तळघराच्या दारातून ओरडून सांगितलं, "ती विचारतेय, रविवारी येणार आहेस ना? म्हणे लोक काहीबाही बोलतायत. म्हणे शुद्धवाल्याच्या तळघरात बुल रात्रीचा मुक्कामाला होता, आणि हसतायत."

लॉवेल पेटीसमोरून उठला. रविवारी आपण खुर्चीवर बसलोय आणि समोरची रांग आपल्यालाच हसतेय, हे त्याला दिसलं, आणि ते त्याला सोसेना. त्यानं पिल्लं एका उशीच्या अभ्र्यात भरली. वेगळी आणि साधी, सगळी. अभ्रा त्यानं मोठ्या फ्रीझरमध्ये हरणाच्या मांसावर ठेवला. मग तो परत खाली गेला आणि मादीलाही घेऊन आला. पाइन सापाची मादी परक्या नराचं बीज पोटात वर्षानुवर्षं साठवू शकते, असं पाळणारे मानतात, आणि ते खरंही आहे. म्हणजे आता तिची पुढची सगळी वेतं नासली, असा त्यानं हिशेब केला. ती फ्रीझरच्या झाकणाखालून फुत्कारत राहिली. ग्लेना स्वयंपाकघरातून निघून पुढच्या ओसरीवर गेली आणि आवाज थांबेपर्यंत आत आली नाही.

आत आल्यावर ती एवढंच म्हणाली, "अकरा वर्षं तिला हातानं भरवलंस."

"नासली होती."

"मी नासले असते तर माझं काय केलं असतंस, तेही कळलं मग."

पेटीत एक अंडं उरलं होतं, चेपलेलं, एका बाजूला बुरशी धरलेलं. लॉवेलनं पेटी उचलून रस्त्याच्या कडेला कचऱ्याशी नेऊन ठेवली. दुपारी वेंडलचा ट्रक तिथं थांबला. वाळू चांगली होती म्हणून असेल, त्यानं पेटी मागं टाकली आणि गेला. लॉवेलनं खिडकीतून ते बघितलं. त्याच्या मनात आलं, घेऊन जा, सगळंच घेऊन जा.

रविवारी तो बाजारात गेला. आत शिरताच कुजबुज थांबली. तो खुर्चीवर बसला नाही, हॉलच्या मध्ये उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "माझ्या घरी दोगली पिल्लं निघाली. वेंडल रूशच्या बुलची. मी सगळी फ्रीझरमध्ये घातली, आणि मादीही घातली. तुम्हाला जे करायला सांगतो तेच मी केलं. अजून कुणाला हसायचंय?"

कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. बर्निसचे डोळे भरून आले. त्या दिवशी लॉवेलची रांग दारापर्यंत गेली. दाराशी वेंडल उभा होता, त्याचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला होता. तो तोंड उघडणार होता, पण त्याच्या घरी पेटीतलं ते चेपलेलं अंडं त्याच सकाळी फुटलं होतं, आणि खरं सांगितलं तर ते पिल्लू लॉवेलला परत द्यावं लागलं असतं. तोंड न उघडता तो घरी गेला.

हिवाळा गेला. एप्रिलच्या बाजाराला वेंडल आला तो उशीचा एक अभ्रा हातात घेऊन, आणि सरळ लॉवेलच्या खुर्चीसमोर रांग मोडून उभा राहिला. मागून लोक ओरडले, त्यानं ऐकलं नाही. त्यानं अभ्रा टेबलावर ठेवला आणि गाठ सोडली.

जे बाहेर आलं ते बघायला सगळा हॉल टेबलाभोवती गोळा झाला. दोन हातांहून जास्त लांब, डोक्यापासून शेपटापर्यंत एकही ठिगळ नसलेला पांढरा पाइन साप, आणि डोळे काळे. अशी वस्तू त्या हॉलमध्ये कुणी पाहिली नव्हती. कुणी म्हणालं, "अरे देवा."

"तू टाकलेल्या पेटीतलं अंडं," वेंडल म्हणाला. "वाढवला मी, दाखवतोय मी. काय आहे ते सांग, लॉवेल. सगळे ऐकतायत."

"दोगला असणार की," मागून कुणीतरी म्हणालं. "बुल शिरला होता ना तुझा?"

"बुलबिल काही शिरला नव्हता. थट्टा केली होती मी त्याची. देवाशपथ."

आता मात्र लोक हसले. "पांढरा निघाला तशी थट्टा झाली होय रे! पिवळा निघाला असता तर?" चौघांच्या कानात जे घातलं होतं ते आता चाळीस तोंडांतून परत येत होतं. बर्निस म्हणाली, "थांबा. लॉवेल सांगेल. त्याचा शब्द आपण सगळे मानतो."

लॉवेलनं साप हातात घेतला. त्याची हनुवटी उचलली. बुलच्या रक्ताचा शंभरातला एक वाटा जरी असला तरी तिथं पिवळं दिसतं. दिसलं ते दुधासारखं पांढरं. नाकावरचं खवलं, मानेची जाडी, पोटाच्या पट्ट्या, सगळं त्यानं बघितलं, आणि बघायची गरज नव्हती. उचलताच त्याला कळलं होतं. हा डीकनचा होता. लाकूडतोड्या खरं बोलला होता. इतकी वर्षं ज्याच्यासाठी काढली ते त्याच्या बोटांभोवती वेटोळं घालत होतं, आणि बाकीचे ह्याचेच भाऊबंद त्यानं स्वतःच्या हातानं, कात पडायच्या आत, हरणाच्या मांसावर ठेवले होते. हे त्याला आता कळत होतं आणि ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नव्हतं. शुद्ध म्हटलं की दोन गोष्टी व्हायच्या. हॉलला कळणार की लॉवेल टॅकेटनं आपला वाण स्वतः मारला. आणि ह्या सापाला रूश हे नाव लागणार, कायमचं.

"सांग ना रे," वेंडल म्हणाला. त्याचा आवाज चक्क विनवणीचा होता. "तुला दिसतंय. तुला दिसतंय हे मला दिसतंय."

लॉवेलनं साप टेबलावर ठेवला.

"दोगला," तो म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा तो खोटं बोलला, आणि सगळ्यांनी ते मानलं. इतकी वर्षं खरं बोलून साठवलेली पत त्यानं एका शब्दात उधळली, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. बर्निस हळहळली. "वेंडल, टेबलावरून काढावा लागेल रे. नियम आहे."

वेंडल लालबुंद झाला. शेजारच्या टेबलावर कर्टिस म्हणून एक जण किंग साप मांडायचा. किंग साप दुसरे साप खातात, आणि गर्दी जमावी म्हणून कर्टिस भर बाजारात त्यांना खाऊ घालायचा. त्याची सगळ्यात मोठी काळी मादी काचेच्या पेटीत भुकेली फिरत होती.

"कर्टिस," वेंडल लॉवेलवरची नजर न काढता म्हणाला, "तुझी म्हातारी जेवलीय का?"

"दोन आठवडे नाही. का रे?"

"हा दे तिला. दोगलाच आहे. लॉवेल सांगतो म्हणजे आहेच."

"खरंच देतोस? दिसायला झकास आहे."

"लॉवेलला विचार. ए लॉवेल, देऊ ना?"

वेंडलला देणं नव्हतं. तो लॉवेलला तोंड उघडायला भाग पाडत होता. एक शब्द, आणि तो साप परत अभ्र्यात घालणार होता. लॉवेललाही हे कळत होतं. त्याला वाटलं, वेंडल देणार नाही, सात महिने हातानं वाढवलेला जीव कुणी देत नसतं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि कर्टिसला वाटलं उत्तर मिळालं. त्यानं साप उचलला, काचेचं झाकण सरकवलं आणि आत सोडला.

पांढऱ्यानं अंग फुगवलं आणि फुत्कार सोडला. हॉलच्या टोकापर्यंत ऐकू गेला. काळ्या मादीला त्याचं काही नव्हतं. तिनं मानेजवळ धरला आणि वेटोळी घातली. "अरे!" वेंडल ओरडला, पण तो अजून लॉवेलकडेच बघत होता. लॉवेलचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. तो उचलला गेला नाही. लोक काचेभोवती गोळा झाले, एका बाईनं पोराचे डोळे झाकले, दुसरीनं कॅमेरा काढला. थोड्या वेळानं मादीनं वेटोळी सैल केली, डोकं शोधलं आणि गिळायला लागली.

गिळायला वेळ लागतो. गर्दी कंटाळून पांगली, लोक सॉसेज आणि कॉफी घ्यायला गेले. काचेसमोर दोघं म्हातारेच उरले. पांढऱ्याचं अर्धं अंग बाहेर होतं, अजून चमकत होतं.

"आता तरी सांग," वेंडल म्हणाला. "कुणी नाही इथं."

लॉवेल काचेकडे वाकला. "टॅकेटचा पांढरा," तो म्हणाला. "डीकनचा होता. अस्सल."

"टॅकेटचा कसला रे? तू फेकला होतास. वाढवला मी, दाखवला मी. रूशचा."

"अंडं माझ्या मादीचं."

"मादी कुठाय तुझी?"

"नाव टॅकेटचंच," लॉवेल म्हणाला.

"रूशचं."

काळ्या मादीनं जबडा एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं सरकवला, आणि शेपटाचं टोक आत गेलं. दोघं तिथं उभे राहून भांडत राहिले.